शालूबाईंच्या माळ्यावरचं बिऱ्हाड

"कौल उचलतोय होऽऽ! आतल्यांनी सावध ऱ्हावा होऽऽ!"

कोल्हापुरात मंगळवार पेठेच्या बोळांमधून ही हाळी ऐकू आली की लोक एकदा वर बघतात आणि चपापून पुन्हा एकदा बघतात. हाळी कौलं परतणाऱ्याची, पण आवाज बाईचा. छपराच्या उतारावर नजीरा उकिडवी बसलेली असते. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, पदर डोक्याला करकचून बांधलेला, पाय अनवाणी. आणि खाली अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत तो नवरा, गौस, मान वर करून बसलेला. त्याच्या हातात काठी असते. काठी टेकायला कमी आणि दाखवायला जास्त.

"डाव्या अंगाला सरक! डाव्या! अगं तुझ्या न्हवं, माझ्या डाव्या!"

"मग खुर्ची फिरवून बसा की. दोघांचं डावं एक हुईल."

"मला शिकवतीस? जनम गेला माझा कौलांवर!"

"म्हणूनच आता खुर्चीत बसलाय न्हवं?"

गौसचा जन्म खरंच कौलांवर गेला होता. त्याच्याआधी त्याच्या अब्बांचा. अर्ध्या पेठेची छपरं ह्या बापलेकांनी शाकारलेली. उन्हाळा सरत आला की घराघरांतून बोलावणं यायचं. फुटकी कौलं काढायची, सरकलेली बसवायची, मधला काडीकचरा झाडायचा, की घर पावसाला तयार. पुढे एकेक घर पडत गेलं, स्लॅब आले, पत्रे आले, आणि नेमकं त्याच सुमाराला गौसच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला की त्याच्या तोंडून जे काही बाहेर पडायचं ते ऐकून शेजारपाजारच्या बाया दारं लोटून घ्यायच्या. नजीरा तोवर खालून कौलं देणारी. एका घरी शेवटचं एकच कौल बसवायचं राहिलं होतं, आभाळ भरून आलेलं, घरमालकीण हवालदिल. नजीरानं पदर बांधला आणि चढली. ते एक कौल बसवायला गेलेली बाई अजून खाली उतरलेली नाही, असं गौस भेटेल त्याला सांगतो.

तालमीच्या कट्ट्यावरची पोरं सुरुवातीला ओरडायची, "चाची, पडशीला बगा!"

"पडलो तर तुमच्याच अंगावर पडंन. सरका तिथनं!"

पोरं सरकली, आणि मग त्यांना सवय झाली.

गौसनं तिला चढू दिलं, पण एक अट घालून. ती अट त्याच्या अब्बांची. छप्पर उघडायचं म्हणजे कुणाच्या तरी घराचं झाकण काढायचं. खाली कुणी न्हात असेल, कुणी भांडण करून कोपऱ्यात रडत बसलेलं असेल. म्हणून आधी हाळी द्यायची, आणि हाळी दिल्यावरसुद्धा नजर कौलावर ठेवायची. कौलाखाली काय आहे ते आपलं काम नाही.

"आवो पर मी बाईमाणूस," नजीरा म्हणाली होती. "माझी नजर पडली म्हणून कुणाचं काय जातंय?"

"बाईची नजर?" गौस म्हणाला होता. "पुरुषानं बघितलं तर इसरून तरी जाईल. तू भांडी मोजून येशील."

नजीरा हसली होती, पण अट तिनं पाळली. इतकी पाळली की पेठेतल्या कितीतरी घरांचे वासे तिला तोंडपाठ होते आणि त्याच घरांची स्वयंपाकघरं तिनं कधी पाहिली नव्हती.

तर अशा नजीराला फाल्गुनात एके दिवशी शालूबाईंचा फोन आला.

"नजीरा, माझ्या डोसक्यावर कोन तरी नांदाय लागलंय गं. ये जरा."

शालूबाईंचं घर बोळाच्या टोकाला. दोन खोल्या, वर फळ्यांचा माळा, त्यावर मंगळुरी कौलं, पाठीमागे पडवी आणि पडवीवर झुकलेला शेवगा. नवरा वारल्यापासून त्या एकट्याच राहतात. मुलगा अमरसिंह आर. के. नगरात फ्लॅटमध्ये असतो आणि दर रविवारी आईकडे येतो. ह्या बोळात आता सगळीकडे स्लॅब नाहीतर पत्रा. गौसच्या अब्बांनी पहिल्या कौलापासून शेवटच्या कौलापर्यंत स्वतः रचलेलं एवढंच एक छप्पर पेठेत उरलं होतं.

नजीरा आणि गौस पोचले तेव्हा शालूबाईंनी चहा टाकलेलाच होता. बोलणंही सुरूच होतं, जणू हे दोघे मघापासून समोर बसलेत.

"...उजाडलं की पळापळ. वर तालीम भरल्यागत. आधी मला वाटलं उंदीर. मग एक दिवस बघतोय तर शेपटीचा झुपका! खारी हाईत खारी. डांबरगोळ्या टाकल्या. तर एकेक गोळी उचलून माझ्या आमटीच्या पातेल्याशेजारी आणून टाकली, घे म्हणं तुझं तुला. अमरनं ते ऑनलाईन मशीन मागिवलं. त्यातनं म्हणं आवाज निघतोय, माणसाला ऐकू येत न्हाय, खारीला येतोय आन् ती पळून जातीया."

"मग?" नजीरानं विचारलं.

"मग काय! त्या मशीनवरच बसून शेंग सोलत हुती."

गौस खोखो हसला. शालूबाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट केलं. बोर्डाच्या कडेनं भिंत काळी पडली होती.

"परवा ठिणगी उडाली. माळ्यावरची वायर कुरतडलीया. अमर लई भडकला. 'आई, झोपेत जळून मरशील' म्हणला. त्याचंबी खरं हाय. येत्या रविवारी पत्र्यावाल्याला घिऊन येतोय मापं घ्यायला. सगळी कौलं उतरायची आन् वर पत्रा ठोकायचा. तोवर खारी गेल्या, वरचा आवाज थांबला, तरच कौलं ऱ्हातील म्हणला."

"घाला की मग पत्रा," गौस म्हणाला. म्हणाला खरा, पण त्याची काठी फरशीवर उगाच रेघा ओढत राहिली.

"आमच्यात हाय पत्रा," नजीरा म्हणाली. "चैतात दुपारचं घरात टिकाव लागत न्हाय. आमची सबिना बाळंतपणाला आलती, तर लेकराला घिऊन दिसभर शेजारच्यांच्या जिन्यात बसायची. आन् पाऊस लागला की जवळ बसलेल्या माणसाला आरडून सांगावं लागतंय, चहा घ्या म्हणून."

"त्येच म्हणतो मी. मला ही गार सावली सोडवत न्हाय." शालूबाईंनी कप पुढे सरकवले. "आन् एक सांगतो. मारायची न्हाय हां एकबी. रामानं हात फिरवलाय तिच्या पाठीवरनं. नुसती बाहीर काढायची."

ह्या बोळावरून जाताना गौस न चुकता मान वर करायचा. कौलांच्या सरळसोट रांगांकडे एकदा बघायचा आणि काही न बोलता पुढे चालू लागायचा. गप्प बसलेला गौस नजीरानं आयुष्यात तेवढ्याच एका ठिकाणी पाहिला होता. हे छप्पर गेलं तर तो ह्या बोळातून जाणं सोडेल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. रविवारच्या आत खारी बाहेर. चहा संपायच्या आधी तिनं मनाशी ठरवून टाकलं.

पुढचा अख्खा दिवस नुसतं बघण्यात गेला. शेजारच्या गच्चीवर नजीरा, अंगणात खुर्चीवर गौस. ऊन चढलं तशी एक खार शेवग्याच्या फांदीवरून आली, फुलं चोखली, फांदीच्या शेंड्यावर आली आणि टुणकन कौलांवर.

"बघितलीस?" गौस ओरडला. "पूल बांधून दिलाय तिला पूल!"

"तुमी आरडू नका, ती लाजती."

खार मागच्या वळचणीला, भिंत आणि वाशांच्या मधल्या फटीतून आत गेली. दुसरी आढ्याजवळच्या भगदाडातून बाहेर आली. एका फुटक्या कौलाखालूनही शेपटी दिसली. तीन वाटा सापडल्या. राहिला प्रश्न, त्या ह्याच घरात का आल्या?

"मावशी, माळ्यावर काय ठिवलंय?"

"काय न्हाय गं. जुनंपानं."

"आन्?"

"अमरचं फुटबॉलचं सामान. गल्लीच्या संघात गोलकीपर हुता न्हवं त्यो."

"आन्?"

शालूबाईंनी पदर सारखा केला. "भावानं गारगोटीवरनं भुईमुगाच्या शेंगांचं पोतं धाडलंय. ते हाय तिथंच, झडपंच्या तोंडाला."

"म्हंजे खानावळ तुमीच घातलीया की!"

शालूबाईंनी शिडीवर उभ्या उभ्याच माळ्याच्या झडपेतून पोतं ओढलं आणि खाली नजीराच्या हातात दिलं. त्याला खालून भोक होतं आणि निम्मं पोतं टरफलांचं होतं. आतल्या अंधारात कुणी डोकावलं नाही. माळा बुटका, वाकून चालावं लागायचं, शालूबाईंच्या कमरेला ते झेपत नव्हतं आणि नजीराचं काम वरून होतं.

मग कामाला हात लागला. शेवग्याची छपरावर आलेली फांदी तिनं कोयत्यानं उतरवली. तिच्यावरच्या शेवग्याच्या शेंगा शालूबाईंनी बोळातल्या घराघरांत वाटल्या. आढ्याजवळचं भगदाड विटांचे तुकडे आणि सिमेंटनं बुजवलं. वळचणीला लोखंडी जाळी, बारीक भोकांची. प्लास्टिकची लावली तर खार ती नाश्त्याला खाते. खालच्या रांगेतली कौलं एकेक करून उचलायची, वाशांवर जाळी ठोकायची, कौल परत जागेवर. प्रत्येक वेळी हाळी, आणि नजर कौलावर.

"कौल उचलतोय होऽऽ!"

"उचल की गं!" आतून शालूबाई. "मी एकटीच हाय, आन् मी भाकरी थापतोय. इथं काय लपवायचं हाय?"

तरी नजीरानं खाली पाहिलं नाही.

सगळ्या वाटा बंद केल्या, एक सोडून. फुटक्या कौलाची. शनिवारी सकाळी खारी त्या वाटेनं बाहेर पडल्या आणि पोटामागे इकडेतिकडे गेल्या. नजीरा दबा धरून होती. ती सरसरत चढली, फुटकं कौल काढलं, खाली जाळी ठोकली, वर नवं कौल बसवलं. गौसनं आत जाऊन काठीनं माळ्याच्या फळ्या खालून बडवल्या. वर चिडीचूप.

"रिकामं झालं," गौसनं जाहीर केलं.

शालूबाईंनी तिथल्या तिथे अमरसिंहला फोन लावला. "गेल्या रे बाबा तुझ्या खारी! व्हय, सगळ्या! ये तू उद्या, आन् कान लावून बस दिसभर!"

घरी जाताना गौसनं बोळाच्या तोंडाशी मागे वळून छपराकडे पाहिलं. नजीरानं त्याला पाहू दिलं.

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा नजीरा कणीक मळत होती.

"नजीरा, ती वर बोंबलतीया गं. थांबंनाच झालीया. ये लवकर."

बोळात शिरतानाच नजीराला ऐकू आलं. चिर्र चिर्र चिर्र, एकसारखं, मध्ये दम न घेता. छपरावर एक खार पिसाळल्यासारखी पळत होती. वळचणीपाशी जायची, जाळी दातांनी ओढायची, आढ्यापाशी जायची, सिमेंट ओरबाडायची, परत नव्या कौलापाशी. मग शेपूट आपटत ओरडायची.

नजीरा घरात गेली. माळ्याच्या फळ्यांखाली उभी राहिली आणि शालूबाईंना हातानं गप्प केलं. वरून बारीक चूं चूं येत होतं. शिट्टीत हवा संपत आल्यावर निघतो तसा आवाज.

"या अल्ला," ती म्हणाली आणि मटकन उंबऱ्यावर बसली. "पिल्लं हाईत आत."

मागून गौस लंगडत आला. त्यानं कान दिला. त्यालाही कळलं.

"कौल काढलंस तवा बघितलं न्हाईस व्हय आत?"

"तुमीच सांगितलंय न्हवं, खाली बघायचं न्हाय म्हणून!"

"अगं, माणसाच्या घरात बघायचं न्हाय म्हणलोतो! खारीच्या घरात न्हाय!"

"मग तसं सांगायचं हुतं! अब्बांनी सांगितलं, तुमी सांगितलं, कौल बघ, खाली बघू नको. खारीचं येगळं, माणसाचं येगळं असं कुणी बोललं न्हाय मला!"

"आमच्या टायमाला खारी कशाला काढाय बोलवत हुते लोक!"

"मी बोललतो की, 'इथं काय लपवायचं हाय' म्हणून," शालूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "तरी बघितलं न्हाईस पोरी. एवढं कशाला पाळायचं?" आणि मग त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. त्या खालच्या आवाजात बोलू लागल्या. "अमर यील इतक्यात. त्या पत्र्यावाल्याला घिऊन. आता कौलं उघडलीस तर त्यो म्हणंल, बघ, न्हाई गेल्या. असं कर, दार लावून घेतो, टीव्ही मोठा लावतो. त्यो येऊन जाऊ दे, मग उघड."

"व्हय," गौसही म्हणाला. त्यानं आढ्याकडे बघायचं टाळलं. "दुपारपत्तर काय हुतंय. तासाभराचा तर प्रश्न."

नजीरा उंबऱ्यावरून उठली नाही. तिला गौसच्या मनातलं दिसत होतं. त्याच्या बापाच्या हातचं छप्पर त्या तासाभरात वाचणार होतं किंवा जाणार होतं. तिलाही ते वाचवायचं होतं, त्याच्यापेक्षा काकणभर जास्तच. वर पुन्हा चूं झालं. मघापेक्षा बारीक.

"कालच्या सकाळपास्नं दूध न्हाय त्यास्नी," ती म्हणाली. "शिडी धरा."

"नजीरा, इचार कर."

"केला. धरा शिडी."

गौसनं शिडी धरली. ती चढली तशी खार पळून शेजारच्या गच्चीच्या कठड्यावर बसली आणि तिथून शिव्या घालू लागली.

"घाल, घाल," नजीरा तिला म्हणाली. "तुझा हक्कच हाय."

मग तिनं हाळी दिली, सवयीनं, आणि कौल उचललं. एक, त्याशेजारचं दुसरं, जाळीचे खिळे उपसले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान वाकवून खाली बघितलं.

उन्हाचा चौकोन सरळ माळ्यावर पडला. धूळ तरंगत होती. एका कोपऱ्यात तांब्याचा हंडा, दुसऱ्यात मोडका पाळणा. मधोमध एक उघडी पिशवी. तिच्यात काथ्या, कापूस आणि हिरव्या जर्सीच्या चिंध्या यांचा गोळा, आणि गोळ्यातून डोकावणारा गोलकीपरचा एक भलामोठा हातमोजा. हातमोज्याच्या तळव्यावर तीन पिल्लं एकमेकांत गुंतून पडलेली. डोळे मिटलेले, कातडी गुलाबी, पाठीवरचे पट्टे नुकते कुठे उमटू लागलेले. पलीकडच्या झडपेतून शालूबाईंचं डोकं वर आलं. कमरेचं सगळं विसरून त्या शिडी चढून आल्या होत्या. दोघींची नजरानजर झाली, एक वरून बघणारी, एक खालून.

"हाईत?" शालूबाईंनी ओठांनीच विचारलं.

"हाईत," नजीरा म्हणाली. "जित्ती हाईत. हात लावू नका. उतरा खाली."

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली.

"हे काय चाललंय?" अमरसिंहचा आवाज. "आई! काल तर गेल्या म्हणलीस की फोनवर!"

त्याच्या मागे पत्र्यावाला होता, हातात पोलादी टेप, कानावर पेन्सिल. त्यानं छपराकडे बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "अरे वा, कौलं काढायला सुरवात पण झाली!"

"काढत न्हाय पावणं," गौस गुरगुरला. "उघडलीत."

"अमरदादा," नजीरा छपरावरूनच म्हणाली. लपवायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि लपायला जागाही नव्हती. "मावशी खोटं बोलल्या न्हाईत. मीच सांगितलं गेल्या म्हणून. आत पिल्लं ऱ्हायली, मी बघितलं न्हाय. चूक माझी. आता त्यांची आई येऊन न्हेईस्तवर कौल असंच उघडं ऱ्हाणार. तुमी मापं घ्या न्हायतर काय बी करा, पर त्याच्या आधी कुणी वर चढायचं न्हाय."

अमरसिंहनं मोटारसायकलची किल्ली खिशात टाकली. मग त्यानं विचारलं, "किती वेळ लागंल चाची?"

"ते तिला इचारावं लागंल."

नजीरा खाली उतरली. सगळे पडवीच्या आडोशाला बसले. गौसला बोलायची बंदी झाली, आणि ती त्याच्या चेहऱ्यावर गुडघेदुखीपेक्षा जास्त दिसत होती. पत्र्यावाल्यानं टेप एकदा ओढून सोडला, खर्रकन आवाज झाला, आणि चारी जणांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं तो खिशात घातला.

खार कठड्यावरून उतरली. केबलच्या वायरवरून पळत छपरावर आली, उघड्या जागेपाशी थबकली आणि आत गेली. चिर्र थांबलं. अख्ख्या बोळात एकदम शांतता झाली. प्रेशर कुकरची एक शिट्टी कुठेतरी दूर वाजली तेवढीच.

मग ती बाहेर आली. तोंडात पिल्लू, मानेभोवती गुंडाळल्यासारखं. उतरणीवरून थेट वळचणीच्या टोकाला आली, जिथून रोज शेवग्यावर उडी मारायची तिथे. आणि थांबली. समोर फांदी नव्हती.

नजीरानं जीभ चावली. पूल तिनंच तोडला होता. तोंडात पिल्लू धरून खार वायरीवर जायला धजेना. पुढे यायची, मागे जायची.

"बांबू," नजीरा पुटपुटली. पडवीत शाकारणीचा जुना बांबू उभा होता. तिनं तो हलकेच उचलला आणि एक टोक वळचणीवर टेकवलं. दुसरं टोक शेवग्याच्या खोडापर्यंत पोचेना. हातभर कमी पडलं.

अमरसिंह उठला. शेवग्याभोवतीच्या कट्ट्यावर चढला, खोडाला पाठ लावून उभा राहिला आणि बांबूचं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"हलू नका," नजीरा म्हणाली.

"गोलकीपर हुतो चाची मी," तो ओठ न हलवता म्हणाला. "उभं ऱ्हाण्यातच जवानी गेली."

खार बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग बांबूवर आली. सरसर करत उतरली, अमरसिंहच्या खांद्यावर पाय दिला, कानाला शेपूट घासलं आणि खोडावर चढून वरच्या बेचक्यातल्या ढोलीत नाहीशी झाली. अमरसिंहनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"गेली?"

"गेली. अजून दोन हाईत."

"दोन?"

"उभं ऱ्हावा."

दुसरं गेलं. तिसऱ्याला वेळ लागला. मधेच खार बांबूवर बसून दम खात राहिली आणि पत्र्यावाला, ज्याला खरं तर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायचं होतं, तो दबक्या आवाजात म्हणाला, "ये गं बाई, ये, ये, ये." तिसरं पिल्लूही गेलं. अमरसिंहनं खांदा चोळत बांबू खाली ठेवला तेव्हा शालूबाई त्याला म्हणाल्या, "लग्नात एवढा येळ शांत उभा न्हवतास."

मग नजीरा त्याला घेऊन झडपेतून माळ्यावर गेली. उघड्या कौलांतून भरपूर उजेड येत होता. वायर कुठे कुरतडली आहे ते तिनं दाखवलं. त्यानं वाकून बघितलं, आणि खारींना तिथपर्यंत आणणारी टरफलंही बघितली.

"ही वायर बदलून पाइपात घ्या," ती म्हणाली. "पत्रा घातला तरी वायर हीच ऱ्हाणार हाय. आग कौलातनं लागत न्हाय दादा."

"ते बघतो उद्याच." त्यानं पिशवीतून हातमोजा काढला. तळव्याला केस आणि चिंध्या चिकटल्या होत्या, अंगठा कुरतडून गायब होता. "फायनलला घातलेला हा," तो म्हणाला. "आईनं जपून ठेवला हुता."

"तिनंबी जपलाच की."

त्यानं वर बघितलं. कौलांच्या रांगा आतून दिसत होत्या, एकीत एक अडकवलेल्या, आणि त्यांच्यातून वारा येत होता. फाल्गुनातली दुपार बाहेर तापत होती आणि माळ्यावर घाम येत नव्हता.

खाली उतरल्यावर पत्र्यावाल्यानं टेप काढला. "घेऊ काय मापं?"

गौसची काठी रेघ ओढायची थांबली.

"पाठीमागच्या पडवीची घ्या," अमरसिंह म्हणाला. "तिथली कौलं तशी पण गळतात. पुढचं असू दे." मग नजीराकडे वळून म्हणाला, "चाची, पावसाळ्यापर्यंत बघतो. वर परत आवाज आला तर मग मी ऐकणार न्हाय हां."

"आवाज आला तर मीच उतरवतो कौलं, माझ्या हातानं," नजीरा म्हणाली.

"तू उतरवशील?" गौसनं तोंड उघडलं, आणि मघापासून साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "अब्बांची कौलं उतरवशील? जीभ बघ केवढी! आन् शेंगांचं पोतं परत वर गेलं तर कोण जबाबदार? शालूताई, पोतं कुठं ठिवणार सांगा आधी!"

"न्हे तुझ्या घरला," शालूबाई म्हणाल्या. "तुझ्या पत्र्याखाली भाजून तरी निघतील."

पडवी गेली, तेवढी गेली. गौसनं पुढच्या उताराकडे एकदा बघून घेतलं आणि खुर्ची ओढून पुन्हा आपल्या जागेवर बसला.

नजीरा शेवटची दोन कौलं बसवायला चढली. जाळी ठोकली. कौल हातात घेतलं आणि थांबली. कौल उचलताना हाळी द्यायची रीत होती, ठेवताना नव्हती. तिनं उघड्या चौकोनातून डोकं आत घातलं, कोपऱ्याकोपऱ्यात नजर फिरवली, हंड्यामागे बघितलं, पाळण्यात बघितलं.

"कौल ठिवतोय होऽऽ!" ती आत ओरडली. "कुणी ऱ्हायलंय काय आत?"

"अगं, मी हाय की!" खालून शालूबाई. "मलाबी हाकलतीस काय?"

"तुमी ऱ्हावा," नजीरा म्हणाली आणि कौल बसवलं.